कलिंगडाचं नवं वाण घडवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कलिंगडाचं वाण स्वतः घडवू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. प्रत्येक उत्तर एकेकटं वाचता येईल. एकच मुद्दा दोन ठिकाणी लागतो तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कलिंगडाचं नवं वाण तयार करणं म्हणजे नेमकं काय? प्रयोगशाळेशिवाय ते जमतं का?

जमतं. दोन वाणांच्या फुलांचा हाताने संकर करायचा, त्यातून उगवलेल्या वेलींपैकी आपल्याला हवी तशी फळं देणाऱ्या वेली निवडायच्या, त्यांचं बी धरायचं आणि ही निवड पुढच्या पिढ्यांमध्ये चालू ठेवायची. मूळ काम एवढंच. त्यासाठी जमीन, कागदी टोप्या, पक्क्या शाईच्या चिठ्ठ्या, वही, वजनकाटा आणि रसाची गोडी मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर लागतो.

संकर एका सकाळी उरकतो. निवडीला मात्र वर्षं जातात, आणि वाण चांगलं की सुमार हे तिथेच ठरतं. नवीन माणूस बहुधा संकराची तयारी करून येतो, निवडीची करत नाही. म्हणून खालची बरीच उत्तरं निवडीबद्दलच आहेत.

२. संकरित कलिंगड फार गोड निघालं. त्याचंच बी लावलं तर तसंच फळ येईल का?

तसंच येणार नाही. संकरित बी म्हणजे दोन शुद्ध ओळींच्या (पिढ्यान्पिढ्या एकसारख्याच निघणाऱ्या वेलींच्या) संकराची पहिली पिढी, एफ-१. तिच्या सगळ्या वेली एकसारख्या असतात. त्या फळांमधलं बी म्हणजे दुसरी पिढी, एफ-२. इथे आजी-आजोबांचे गुण सुटे होऊन नव्याने जुळतात: एका वेलीवर लांबट फळ, दुसरीवर गोल, एक गोड, एक पांचट. शिवाय त्या फुलावर मधमाशीने कुठल्या वेलीचे पराग आणले, तेही ठाऊक नसतं.

विकण्यासाठी पीक घ्यायचं असेल तर हे बी लावू नका. नवं वाण घडवायचं असेल तर मात्र चांगल्या संकराची एफ-२ ही आयती मिळालेली सुरुवात आहे. एका फळात शेकडो बिया असतात, म्हणजे निवडीला भरपूर वाव. किती लावायच्या, ते प्रश्न ८ मध्ये आहे.

३. शेजारी काकडी किंवा भोपळा लावला तर कलिंगडाची चव बिघडते का?

नाही. काकडी, खरबूज, भोपळा यांच्याशी कलिंगडाचा संकर होतच नाही. शेजारी दुसरं कलिंगड असेल तर संकर होतो, पण त्याचा परिणाम बियांमधल्या गर्भात उतरतो. या वर्षीच्या फळाचा गर, गोडी आणि साल आईवेलीचीच राहते. फरक दिसतो ते बी पेरल्यावर.

खरी काळजी घ्यायची ती कलिंगडाच्या अगदी जवळच्या रानटी भाऊबंदांची. कडू इंद्रावण आणि सिट्रॉन (फिक्या, टणक गराचं रानटी कलिंगड) या दोघांची गुणसूत्रं कलिंगडासारखीच २२ असतात आणि त्यांच्याशी संकर होऊ शकतो. बी धरायच्या शेताच्या आसपास यांच्या वेली उगवल्या असतील तर काढून टाका. मधमाश्यांवर सोडलेल्या पिकाचं शुद्ध बी हवं असेल तर दोन वाणांमध्ये साधारण एक किलोमीटर अंतर ठेवावं. तेवढी जागा नसेल तर हाताने परागीकरण करून फूल झाकणं हाच उपाय (प्रश्न ५).

४. पालक म्हणून कोणती वाणं घ्यावीत?

एक पालक असा घ्या की तो जवळजवळ सगळ्याच बाबतीत तुम्हाला पसंत आहे. दुसरा असा घ्या की पहिल्यात जे कमी आहे ते त्याच्याकडे ठळकपणे आहे. दोन मध्यम वाणांच्या संकरातून उत्तम वाण निघेल ही आशा फार क्वचित पुरी होते.

या पिकाचा इतिहास पाहिला की पालक निवडण्याचं महत्त्व कळतं. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन इथे, कृषी खात्याच्या केंद्रात चार्ल्स फ्रेडरिक अँड्रस यांनी १९५४ मध्ये ‘चार्ल्सटन ग्रे’ हे वाण दिलं. लांबट फळ, राखाडी-हिरवी टणक साल, दूरवर पाठवता येण्याजोगं, आणि मर व करपा या रोगांना तोंड देणारं. पुढे कॅन्सस राज्य विद्यापीठात चार्ल्स हॉल यांनी ‘माइल्स’ आणि ‘पीकॉक’ यांच्या संकराशी ‘चार्ल्सटन ग्रे’चा संकर केला आणि १९६३ मध्ये ‘क्रिमसन स्वीट’ आलं. ते स्वतःही पुढे अनेक वाणांचं पालक झालं. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं ‘अर्का माणिक’ हे त्यातलंच एक. चांगला पालक असा पिढ्यान्पिढ्या कामी येतो. छोटं, गोल, गडद हिरवं फळ हवं असेल तर ‘शुगर बेबी’ हे जुनं सरळ (म्हणजे संकरित नसलेलं) वाण अजूनही भरवशाचं आहे.

सुरुवातीला सरळ वाणंच घ्या. त्यांची शुद्धता तपासता येते आणि बी पुन्हा धरता येतं.

५. हाताने परागीकरण कसं करायचं, नीट पायरीपायरीने सांगाल का?

कलिंगडाच्या एकाच वेलीवर नर फुलं आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाखाली इवलंसं लवदार कलिंगड दिसतं, नराखाली नुसता देठ. नर फुलं मादी फुलांपेक्षा कितीतरी जास्त असतात. प्रत्येक फूल एका सकाळपुरतंच उमलतं, म्हणून तयारी आदल्या संध्याकाळी करावी लागते.

संध्याकाळी उद्या उमलणाऱ्या कळ्या शोधा. अशा कळीच्या टोकाला पिवळा रंग चढलेला असतो आणि पाकळ्या किंचित सैल झालेल्या असतात. मादी कळीवर कागदी टोपी चढवा किंवा मऊ चिमट्याने पाकळ्यांचं टोक बंद करा. ज्या वेलीचे पराग घ्यायचे तिच्या नर कळ्याही तशाच झाका. नर फूल उघडं राहिलं तर मधमाशी त्यावर दुसऱ्या वेलीचे पराग ठेवून जाते, आणि हे बरेच जण विसरतात.

सकाळी फुलं उमलली की लगेच कामाला लागा, ऊन चढण्याआधी. नर फूल तोडून पाकळ्या मागे दुमडा आणि पुंकेसर मादी फुलाच्या कुक्षीवर हलक्या हाताने फिरवा. कुक्षीचे तीन भाग असतात. तिन्हींवर पराग सारखे बसले पाहिजेत, नाहीतर फळ एका बाजूला खुरटतं. एका मादी फुलाला दोन नर फुलं वापरा. मग मादी फूल पुन्हा झाका आणि देठाला चिठ्ठी बांधा: आई, बाप, तारीख.

त्या वेलीवर आधी धरलेली फळं असतील तर काढून टाका. वेल आपली ताकद मोठ्या फळांना देते आणि नवं फळ गाळते. इतकं करूनही केलेल्या संकरांपैकी निम्म्याहून कमीच टिकतात, तेव्हा हवेत त्याच्या तिप्पट संकर करून ठेवा.

६. माझ्या वेलीच्या मादी फुलातच पुंकेसर दिसतात. हे काय आहे?

काही वाणांमध्ये मादी फुलाच्या जागी द्विलिंगी फूल येतं. हा गुण एका अप्रभावी जनुकामुळे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आलं तरच दिसणाऱ्या जनुकामुळे येतो. नर-मादी फुलं वेगळी असणं हा प्रभावी गुण आहे. अशा वेलीला आई करायचं असेल तर फूल झाकून भागत नाही, कारण आतल्या आतच स्वपरागीकरण होतं. आदल्या संध्याकाळी कळी अलगद उघडून चिमट्याने पुंकेसर काढा, मग झाका. त्यापेक्षा ती वेल बाप म्हणून वापरणं सोपं.

७. परागीकरण केलं तरी फळं पिवळी पडून गळतात. काय चुकतं?

बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं. पराग कमी पडले किंवा उशीर झाला. कडक उन्हाळ्यात पराग दुपारपर्यंत निकामी होतात. वेलीवर आधीचं फळ आहे. किंवा वेल अजून लहान आहे आणि पानं पुरेशी नाहीत. अगदी पहिल्या मादी फुलाचा हट्ट धरू नका. दुसऱ्या-तिसऱ्या फुलापर्यंत वेल सावरलेली असते आणि फळही भरतं.

८. एफ-२ मध्ये किती वेली लावाव्यात?

हे तुम्हाला एकाच वेळी किती गुण हवेत यावर ठरतं. एका अप्रभावी जनुकाचा गुण हवा असेल तर तो चारातल्या एका वेलीत दिसतो. असे दोन गुण एकत्र हवे असतील तर सोळात एक, तीन हवे असतील तर चौसष्टात एक. निदान एक तरी हवी तशी वेल मिळेल याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर हिशेबाने अनुक्रमे ११, ४७ आणि १९१ वेली लावाव्या लागतात.

गोडी आणि उत्पादन अनेक जनुकांवर चालतं, त्यांना इतका सरळ हिशेब लागू होत नाही. माझा अनुभव असा की दीड-दोनशे वेलींच्या खाली निवड म्हणजे नशिबाचा खेळ होतो. जागा कमी असेल तर गुण कमी मागा: या संकरातून गोडी आणि सालीचा रंग, मररोगाचं पुढच्या संकरात पाहू.

वेलींमध्ये अंतर ठेवा आणि प्रत्येक वेलीला रोज थोडं वळण लावून तिच्या पट्ट्यात ठेवा. पहिल्या वर्षी मी हे केलं नाही. वेली एकमेकींत गुंतल्या आणि शेतातलं सगळ्यात गोड फळ कुठल्या वेलीचं हे शोधता शोधता तिच्याऐवजी शेजारच्या वेलीवर खूण झाली. एक अख्खा हंगाम त्यात गेला.

९. वाण स्थिर व्हायला किती पिढ्या लागतात? सतत स्वपरागीकरण केल्याने वेल दुबळी होत नाही का?

दर स्वपरागीकरणाला मिश्र जोड्यांचं, म्हणजे एकाच जनुकाची दोन वेगळी रूपं असलेल्या जोड्यांचं, प्रमाण निम्मं होतं. एफ-२ मध्ये ५० टक्के, एफ-३ मध्ये २५, आणि असं करत एफ-६ मध्ये सुमारे ३ टक्के. म्हणून सहा-सात पिढ्यांनंतर ओळ स्थिर मानतात. वर्षात दोन हंगाम घेता आले तर हे साडेतीन-चार वर्षांत उरकतं, त्यावर चाचण्यांचे हंगाम वेगळे.

मक्यासारखी पिकं स्वपरागीकरणाने झपाट्याने खुरटतात. कलिंगड मधमाश्यांवर अवलंबून असूनही त्याचं तसं फारसं होत नाही. म्हणून शुद्ध सरळ वाणही संकरिताच्या तोडीचं असू शकतं. एखादी ओळ दुबळी होत गेलीच तर ती टाकून द्या, बाकीच्या आहेत.

एकच गुण चांगल्या वाणात आणायचा असेल तर वेगळी वाट आहे: संकर करून दर पिढीत त्या चांगल्या वाणाशीच पुन्हा संकर करत जायचं. पहिल्या पुनःसंकरानंतर त्याचा वाटा सरासरी ७५ टक्के होतो, मग ८७.५, मग ९३.७५. शेवटी एकदा स्वपरागीकरण करून गुण पक्का करायचा. रोगप्रतिकारासाठी हीच वाट जास्त वापरतात (प्रश्न १७).

१०. गोडी कशी मोजायची? आणि किती ब्रिक्सला फळ गोड म्हणायचं?

फळ उभं मधोमध कापा, अगदी गाभ्यातल्या गराचा रस काढा आणि त्याचे थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर टाका. तो ब्रिक्समध्ये, म्हणजे रसात विरघळलेल्या साखरेच्या साधारण टक्क्यांत, आकडा दाखवतो. गाभा सगळ्यात गोड असतो आणि सालीकडे गोडी उतरत जाते. म्हणून प्रत्येक फळात जागा तीच हवी, नाहीतर आकड्यांची तुलनाच होत नाही. मी गाभ्याबरोबर सालीजवळचाही आकडा घेतो. दोघांत फार अंतर असेल तर खाणाऱ्याला अर्धं फळच गोड लागतं. साधारण १० ब्रिक्स म्हणजे बरं फळ, १२ म्हणजे उत्तम.

आकडा सगळं सांगत नाही. कलिंगडात ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज या तिन्ही साखरा असतात. फ्रुक्टोज जिभेला सगळ्यात गोड लागतं, तर सुक्रोज फळ पिकत येताना वाढतं. सारख्या ब्रिक्सची दोन फळं म्हणूनच सारखी गोड लागत नाहीत. निवडलेल्या प्रत्येक वेलीचं फळ खाऊन बघा: गर रवाळ आहे की धागेदार, चावल्यावर रसरशीत वाटतो की पिठूळ, मागे काही वास राहतो का. वहीत आकड्याच्या शेजारी हे शब्द लिहा. दोन वर्षांनी तेच जास्त उपयोगी पडतात.

तोडणीची वेळही सारखी हवी. तोडल्यावर कलिंगडाची गोडी वाढत नाही. फळाच्या देठाजवळचा तणावा वाळला, जमिनीला टेकलेली बाजू पांढरटाची पिवळसर झाली आणि फूल उमलल्यापासून वाणानुसार महिना ते दीड महिना झाला, की फळ तयार. चिठ्ठीवरची तारीख इथे कामाला येते.

११. उत्पादन वाढवायचं तर मोठ्या फळाची निवड करू की जास्त फळांची?

फळांची संख्या आणि फळाचं वजन सहसा एकमेकांच्या विरुद्ध जातात. वेलीला पानांतून जेवढी साखर मिळते तेवढीच ती वाटते. नुसत्या मोठ्या फळामागे लागलात तर वेलीवर एकच फळ राहील, नुसत्या संख्येमागे लागलात तर फळं बारकी होतील. आधी फळाचा आकार ठरवा, उदाहरणार्थ तीन ते चार किलो, आणि मग त्या आकाराची विकण्याजोगी फळं जास्त देणारी वेल निवडा. तडकलेली, वाकडी, पांचट फळं वजनात धरू नका.

उत्पादन हा एका वेलीवरून ओळखता येणारा गुण नाही. जरा ओलसर जागा मिळाली, शेजारची वेल मेली, की उरलेली वेल भरघोस दिसते. म्हणून सुरुवातीच्या पिढ्यांत गोडी, साल, रंग आणि रोग यांवर निवड करा, उत्पादनात फक्त अगदी हलक्या वेली काढा. ओळी जरा स्थिर झाल्या, म्हणजे एफ-४ किंवा एफ-५ नंतर, प्रत्येक ओळीचे तीन-चार वाफे शेतात वेगवेगळ्या ठिकाणी लावा, मध्ये ओळखीचं वाण ठेवा आणि दोन हंगाम तोलून पाहा. एका हंगामाच्या आकड्यावर वाण ठरवू नका. एखाद्या हंगामात पाऊस, किडी आणि मधमाश्या मिळून ओळींचा क्रम पार उलटा करू शकतात.

अजून एक. वेलीची पानं शेवटपर्यंत हिरवी राहतात का, हे वहीत लिहा. पानं लवकर गेली की गोडी आणि वजन दोन्ही जातं.

१२. लाल आणि पिवळ्या गराचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळी पिवळी आली, आणि मित्राकडे सगळी लाल. असं कसं?

कारण पिवळे दोन प्रकारचे आहेत. चकचकीत, लिंबासारखा पिवळा गर लालावर प्रभावी असतो. तुमच्याकडे तो असणार. जरा नारिंगीकडे झुकणारा फिका पिवळा लालापुढे अप्रभावी असतो, तो मित्राकडचा. नारिंगी गरही लालापुढे झाकला जातो. पांढरा गर मात्र या सगळ्यांना झाकून टाकतो. रानटी पालक घेतलात आणि पांढरट गर आला तर दचकू नका.

लाल रंग लायकोपीनचा. ते पुढच्या रंगद्रव्यात बदलणारं विकर कमजोर असेल तर लायकोपीन साठून राहतं आणि गर लाल होतो. लाल फळ जरा कच्चं असेल तर फिकं दिसतं, तेव्हा रंगाची निवड पूर्ण पिकलेल्या फळावरच करा.

१३. सालीचा रंग, पट्टे आणि फळाचा आकार कसा ठरतो?

अख्खी गडद हिरवी साल पट्ट्यांवर प्रभावी, आणि पट्टे फिक्या हिरव्यावर प्रभावी. लांब आणि गोल यांच्या संकरातून पहिल्या पिढीत लंबगोल फळ येतं. पुढे लांब, लंबगोल आणि गोल असे तिन्ही निघतात. लंबगोल स्थिर करायचा प्रयत्न केलात तर त्यातून पुन्हा पुन्हा लांब आणि गोल निघत राहतील, कारण तो आकार मिश्र जोडीचाच असतो. पट्ट्यांची रुंदी बारीकसारीक जनुकांवर चालते, तिथे डोळ्यानेच निवड करावी लागते.

१४. साल पातळ असावी की जाड? माझी फळं सुरी लावताच तडकतात.

सुरी लागताच तडकणं हा एका अप्रभावी जनुकाचा गुण आहे. अशी फळं जागेवर खायला छान असतात, दूर पाठवायची असतील तर निरुपयोगी. दोन्ही पालकांत हे जनुक लपलेलं असेल तर संततीत ते उघडं होतं, तेव्हा तशी वेल काढा आणि तिच्या बहिणींच्या पुढच्या पिढीकडेही लक्ष ठेवा.

जाडी आणि चिवटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पातळ पण चिवट साल मिळू शकते. दर निवडीत सालीची जाडी मोजपट्टीने मोजा आणि नखाने दाबून पाहा. पावसानंतर शेतातच फळं तडकतात का, तेही लिहून ठेवा.

१५. आतून पोकळ, चिरलेली फळं निघतात. हा वाणाचा दोष की माझा?

दोन्ही असू शकतं. मुख्य कारण अपुरं परागीकरण: बिया कमी धरल्या की गाभ्याची वाढ सालीच्या वाढीला पुरत नाही आणि आत फट पडते. आधी मधमाश्या पुरेशा आहेत का ते पाहा. पण त्याच शेतात, त्याच मधमाश्यांवर काही ओळी घट्ट राहतात आणि काही पोकळ निघतात. घट्ट गराच्या ओळी कमी फाटतात, म्हणून गराचा घट्टपणा निवडीत धरणं फायद्याचं आहे. हाताने परागीकरण केलेल्या फळांवरून याचा निर्णय घेऊ नका, तिथे पराग कमीजास्त पडतात (प्रश्न ५).

१६. एका वेलीचं फळ चक्क कडू निघालं. खाल्लं तर चालेल का, आणि ते आलं कुठून?

खाऊ नका, थुंकून टाका. कडवटपणा कुकुरबिटासिनचा असतो. त्याने उलट्या आणि जुलाब होतात. कडू हा गोडावर प्रभावी गुण आहे. म्हणजे इंद्रावणासारख्या कडू रानटी वेलीचे पराग बियांत गेले असतील, तर पुढच्या पेरणीला फळं कडूच येतात. तसं झालं तर त्या बियांची अख्खी पिशवी संशयास्पद समजा. मुद्दाम रानटी पालक घेतला असेल तर कडू वेली प्रत्येक पिढीत फळ चाखताच काढत जा. गुण प्रभावी असल्याने तो लपून राहत नाही, एवढी सोय आहे.

१७. मर रोगाला तोंड देणारं वाण घडवायचं आहे. कुठून सुरुवात करू?

हे काम शंभरहून अधिक वर्षं चालू आहे. अमेरिकेत विल्यम ऑर्टन यांनी मर न लागणाऱ्या सिट्रॉनचा संकर ‘ईडन’ या खायच्या कलिंगडाशी केला आणि १९११ मध्ये ‘कॉन्करर’ हे वाण दिलं. ते मर रोगासमोर टिकलं, पण फळाच्या दर्जामुळे बाजारात चाललं नाही. रानटी पालकाकडून प्रतिकार घेताना त्याचा फिका, टणक गरही मागे येतो. म्हणून इथे पुनःसंकर लागतात (प्रश्न ९).

मर रोग फ्युजेरियम बुरशीचा, आणि या बुरशीचे प्रकार आहेत. त्यांना ०, १, २, ३ असे क्रमांक दिलेले आहेत. प्रकार १ चा प्रतिकार एका प्रभावी जनुकावर चालतो, तो आणणं सोपं. प्रकार २ चा प्रतिकार अनेक जनुकांवर चालतो, तो हळूहळू गोळा करावा लागतो. तुमच्या मातीत कुठला प्रकार आहे हे न कळता प्रतिकारक वाण घेतलं तर फसगत होते.

चाचणी रोपावस्थेत करतात. पहिलं खरं पान आलेल्या रोपांची मुळं धुऊन बुरशीच्या बीजाणूंच्या पाण्यात बुडवायची, पुन्हा लावायची आणि दोन-तीन आठवड्यांत कोण तगलं ते पाहायचं. हे रोगविज्ञानाच्या प्रयोगशाळेतच करून घ्या. ही बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं राहते. चाचणीसाठी ती चांगल्या शेतात आणणं म्हणजे ते शेत गमावणं.

वाण तयार होईपर्यंत थांबायचं नसेल तर दुधी भोपळ्याच्या खुंटावर कलम करता येतं. त्याने या हंगामाचं पीक वाचतं. कलमाचा गुण बियांत उतरत नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

१८. बियाच नसतात, तर बिनबियांच्या कलिंगडाचं बी येतं कुठून?

साध्या कलिंगडात गुणसूत्रं २२. रोपाच्या शेंड्यावर कॉल्चिसिन या रसायनाचा थेंब ठेवून ती दुप्पट केली की ४४ ची वेल मिळते. ती आई आणि २२ ची वेल बाप असा संकर केला की ३३ गुणसूत्रांचं बी मिळतं. ३३ चे दोन सारखे वाटे पडत नाहीत, म्हणून त्या वेलीच्या फळात पक्की बी धरत नाही. फक्त पांढरी, मऊ, पोकळ टरफलं राहतात. जपानमध्ये हितोशी किहारा यांच्या गटाने हे काम १९३९ पासून हाती घेतलं आणि १९५१ मध्ये त्यांनी ते इंग्रजीतून मांडलं. यात परकं जनुक घातलेलं नाही; तशी शंका फार जणांना असते.

आई ४४ चीच हवी. उलटा संकर जमत नाही. ४४ ची ओळ घडवणं हेच सगळ्यात अवघड. थेंब ठेवलेल्या रोपांपैकी अगदी थोडी दुप्पट होतात, आणि त्यांच्या फळांत बिया कमी असतात; त्या वाढवायला पुढच्या पिढ्यांत निवड करावी लागते. अशी वेल जाड, रुंद पानांवरून आणि मोठ्या फुलांवरून ओळखू येते. खात्री करायची तर पानाच्या खालच्या बाजूची साल सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रंध्राच्या पेशींतले हरितकण मोजतात, ते साध्या वेलीच्या जवळजवळ दुप्पट असतात. कॉल्चिसिन जहाल विष आहे. ते घरी आणून वापरू नका.

एक सुंदर युक्ती इथे सांगितलीच पाहिजे. ४४ ची आई फिक्या सालीची आणि बाप पट्टेदार घ्यायचा. पट्टे प्रभावी, त्यामुळे शेतात पट्टेदार फळ म्हणजे खरं बिनबियांचं आणि फिकं फळ म्हणजे आईचं चुकून झालेलं स्वपरागीकरण. फळ न कापता फरक कळतो.

या बियांचं कवच जाड असतं आणि गर्भ अशक्त, म्हणून उगवण कमी. साधारण ३० अंश ऊब द्या, माती ओली पण चिंब नको, आणि बियांचं टोक वर ठेवून पेरा म्हणजे कवच सुटायला मदत होते. ३३ च्या वेलीचे पराग निकामी असतात. फळ धरायला चांगले पराग लागतातच, म्हणून दर तीन वेलींमागे एक साधी वेल लावावी, आणि तिचं फळ दिसायला वेगळं असावं.

१९. संकरित बी इतकं महाग का असतं?

कारण त्यातलं बहुतेक प्रश्न ५ मध्ये सांगितलं तसं हातानेच तयार होतं: आईवेलीवरची नर फुलं रोज खुडायची, मादी कळ्या झाकायच्या, सकाळी पराग लावायचे. नर-वंध्य (चांगले पराग न देणाऱ्या) ओळी आहेत, पण हा गुण अप्रभावी जनुकावर चालतो, त्यामुळे ओळ राखताना निम्म्या वेली सुपीक निघतात आणि त्या वेचून काढाव्या लागतात. एका प्रकारात वंध्य वेलींवर लवच नसते, म्हणून रोपातच ओळखू येतात.

२०. जनुकांच्या चाचणीवरून रोपातच निवड करता येते का?

काही गुणांसाठी येते. ९७१०३ या चिनी ओळीचा जनुकसंच २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, २०१९ मध्ये ४१४ नमुन्यांचा तौलनिक अभ्यास आला. गराचा रंग, फळाचा आकार, मर रोगाच्या प्रकार १ चा प्रतिकार यांसारखे एक-दोन जनुकांचे गुण पानाच्या तुकड्यावरून ओळखता येतात, म्हणजे नको ती रोपं शेतात लावावीच लागत नाहीत. गोडी, पोत आणि उत्पादनासाठी फळ कापण्याला पर्याय मिळालेला नाही. थोड्याच वेली असतील तर चाचणीवर खर्च करण्यापेक्षा जास्त वेली लावा.

२१. बी कसं काढायचं आणि कसं ठेवायचं?

खाण्यासाठी तोडतो त्यापेक्षा काही दिवस फळ वेलीवर जास्त ठेवा. बी गरातून काढून भरपूर पाण्यात धुवा, तरंगणारं टाकून द्या, बुडालेलं सावलीत जाळीवर पातळ पसरून वाळवा. कडक उन्हात कवच तडकतं. पूर्ण वाळलेलं बी हवाबंद डब्यात थंड जागी ठेवलं तर चार-पाच वर्षं उगवतं. एका फळाचं बी एका पाकिटात, आणि चिठ्ठी पाकिटाच्या आतही घाला. बाहेरची पुसली जाते.

फळावर तेलकट, हिरवट-काळे डाग पसरत गेले असतील तर तो जिवाणूजन्य फळडाग असू शकतो. तो बियांतून पुढे जातो. त्या शेतातलं बी कितीही मोलाचं असलं तरी धरू नका.

२२. बाजारातलं दुसऱ्याचं वाण पालक म्हणून वापरलं तर चालतं का?

वनस्पती वाण संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात (यूपीओव्ही) संरक्षित वाण नव्या पैदाशीसाठी वापरण्याची मुभा आहे. पेटंट असेल किंवा पाकिटावरच्या करारात मनाई असेल तर गोष्ट वेगळी. देशागणिक कायदे बदलतात, तेव्हा वाण विकायला काढण्याआधी नाही, संकर करण्याआधी पाकीट वाचा. जुन्या सरळ वाणांना ही अडचण सहसा नसते.

२३. एफ-२ मध्ये १३ ब्रिक्सची वेल निवडली. तिच्या पुढच्या पिढीत सगळी फळं दहाच्या आसपास. निवड चुकली का?

चुकली असेलच असं नाही. त्या १३ मध्ये थोडा वाटा वेलीच्या जनुकांचा होता आणि थोडा जागेचा, उन्हाचा, फळ नेमकं कधी तोडलं त्याचा. संततीत फक्त पहिला वाटा उतरतो, शिवाय एफ-२ ची वेल अजून अर्धी मिश्र असते, त्यामुळे संततीत गुण वेगवेगळे निघतात.

म्हणून एका वेलीचं एकच फळ मोजून निवड करू नका. दोन-तीन फळं मोजा आणि एफ-३ मध्ये प्रत्येक निवडीच्या दहा-पंधरा वेली एकत्र लावून कुटुंबाची सरासरी पाहा. शेजारी मूळ पालकही लावा. त्या हंगामात पालकच आठवर आला असेल तर दहाचं कुटुंब उत्तम आहे, आणि पालक बारावर असेल तर ते सोडून द्यायला हवं. चांगल्या कुटुंबातली चांगली वेल घ्या. सुमार कुटुंबातल्या एकट्या चमकणाऱ्या वेलीचा मोह होतो, मलाही होतो. तिचं बी वेगळ्या पाकिटात ठेवा, पुढच्या हंगामात पाच वेली लावून बघा, आणि तिथेही ती चमकली तरच पुढे न्या.